मडकं कुणाच्या हातचं, ते आधी लिहा : संग्रहालयाच्या विश्वस्तांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या संग्रहालयाचं नाव मी या पत्रात घेत नाही. पत्र कुणासाठी आहे ते आपल्याला कळेल. इतरांना प्रश्न कळला तरी पुरे.

पाच आठवड्यांपूर्वी आपल्या कार्यालयाचं पत्र आलं. माझ्या वडिलांनी नायजेरियातून आणलेली दोन मडकी मी आपल्याला देऊ केली होती. विनामूल्य, आणि ती कुठून, कधी, कुणाकडून घेतली याच्या नोंदींसह. ती परत न्यावीत, असं त्या पत्रात आहे. कारण दिलंय ते असं : मडकी ‘दैनंदिन वापराची, झिलई नसलेली व लोककला स्वरूपाची’ आहेत, म्हणून नव्या मृत्तिकाशिल्प दालनात त्यांना जागा नाही. (झिलई म्हणजे भाजलेल्या मातीवरचा काचेसारखा चकचकीत थर.) मी मडकी न्यायला आले तेव्हा तळमजल्यावरची जुनी काचपेटीही रिकामी दिसली. पश्चिम आफ्रिकेतली तीन मडकी तिच्यात असायची. ‘ती खाली गोदामात गेली, ताई,’ असं पहारेकऱ्यांनी सांगितलं. बाहेर पडताना फाटकाजवळचा नवा फलक वाचला. नव्या दालनाचं मुख्य आकर्षण म्हणून एका खासगी संग्राहकाने दिलेली ‘अडीच हजार वर्षांपूर्वीची नोक मृण्मूर्ती’ येणार आहे. नोक मूर्ती म्हणजे मध्य नायजेरियातल्या प्राचीन मातीच्या मूर्ती.

म्हणजे जी मडकी कुठली ते माहीत आहे ती परत, आणि जी मूर्ती कुठून आली ते कुणी सांगत नाही ती मधोमध. दोन्ही हातांत मडकं घेऊन मी त्या फलकासमोर बराच वेळ उभी होते.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. आम्ही सातारा जिल्ह्यातले कुंभार. आजोबांच्या चाकावर आमचं घर चाललं. वडील शिकले, शास्त्राचे शिक्षक झाले आणि १९७८ मध्ये नोकरीसाठी नायजेरियाला गेले. तेलाचा पैसा आल्यावर तिथे शाळा भराभर निघत होत्या आणि आपल्याकडचे बरेच शिक्षक तेव्हा तिकडे गेले. आम्ही राहायचो सुलेजाला. हे गाव म्हणजेच जुनं अबुजा. नव्या राजधानीला ते नाव दिलं गेलं आणि जुन्या गावाचं नाव सुलेजा झालं. मी आठ वर्षांची होते.

तिथे पहिल्यांदा नजरेत भरलं ते बायकांचं ओझं नेणं. आपल्याकडे हंडा डोक्यावर. तिथल्या ग्बारी बायका (ग्बाग्यी असंही म्हणतात) ओझं खांद्यावर घेतात, मान जराशी कलती करून. डोकं हा देहाचा राजा, त्याच्यावर भार ठेवायचा नाही, असं त्या मानतात. पाण्याने भरलेलं मडकं असं खांद्यावरून जाताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि आईचा हात घट्ट धरला, आता पडेल म्हणून. पडलं नाही.

शाळेच्या मागच्या वाटेवर एक म्हातारी मडकी घडवायची. सगळे तिला ‘मामा’ म्हणायचे, तिकडे मामा म्हणजे आई. तिच्याकडे चाक नव्हतं. मातीचा मोठा गोळा ठेवून ती आतून मुठीने ठोकत जायची, मग त्याला खोलगट बूड यायचं. त्यावर मातीच्या वळ्या. वळी तळहातांवर लांबवायची, काठावर बसवायची, अंगठ्याने दाबून खालच्या मातीत मिसळायची. भोपळ्याच्या कवटीचा तुकडा घेऊन आतबाहेर खरवडायचं, लाकडी थापीने ठोकायचं. आणि हे सगळं करताना मडकं जागचं हलायचं नाही. ती त्याच्याभोवती फिरायची, वाकून, उलट्या पावलांनी, एका लयीत. जमिनीवर तिच्या पावलांचं गोल रिंगण उमटलेलं असायचं. मग दोऱ्याची पिळलेली गुंडाळी ओल्या मातीवरून फिरवून नक्षी, टोकदार काडीने रेघा, आणि रेघांच्या मध्ये एखादा सरडा किंवा साप.

भाजणी उघड्यावर. भिंतींची भट्टी नाही. लाकडं, वाळलेलं गवत, वर आणखी गवत. मडकी गरम असतानाच बाहेर काढून त्यांच्यावर एका झाडाच्या शेंगांचा गडद काढा शिंपडायची. चर्र आवाज व्हायचा आणि कडवट वास पसरायचा. त्या काढ्याने मडक्याची छिद्रं थोडी बुजतात आणि अंगाला तपकिरी झाक येते.

वडिलांनी तिच्याकडून दोन मडकी घेतली. १९८३ मध्ये आम्ही परतलो तेव्हा ती कपड्यांत गुंडाळून आली. आजीने गावी पडवीत बसून ती मांडीवर घेतली, बोटाच्या पेराने वाजवली, कानाशी नेली, पुन्हा वाजवली. गोरोबाकाकांनी थापटण्याने कच्चं-पक्कं पारखलं, तशी आमच्या आजीची पेरं पारखायची. ‘भाजलंय चांगलं,’ म्हणाली. मग विचारलं, ‘चाक केवढं आहे रे तिचं?’ वडील म्हणाले, ‘चाक नाही आई. बाईच फिरते.’

आजी गप्प झाली. तिने जन्मभर माती तुडवली, चाळली, मडकी थापटली, आवा रचायला मदत केली, बाजारात विकली. चाकाला मात्र तिने कधी हात लावला नाही. आमच्यात बाईने चाकाला हात लावायचा नाही, हा रिवाज होता. तिकडे अख्खं मडकं बाईचं आहे, हे ऐकून ती काय विचार करत होती ते मी तेव्हा विचारलं नाही. पुढे मरेपर्यंत ती त्यातल्याच एका मडक्यातलं पाणी प्यायची.

तर ही ‘दैनंदिन वापराची’ मडकी. आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार त्या जुन्या पाटीबद्दल. तिच्यावर लिहिलेलं होतं, ‘आफ्रिकन मडके. आदिम पद्धत. कारागीर अज्ञात.’ नायजेरियातून परतल्यावर वडील मला मुद्दाम ती पेटी दाखवायला घेऊन आले होते. पाटी वाचून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आपल्या कार्यालयाला दोन पत्रं लिहिली, पेटीतलं एक मडकं घडणीवरून ग्बारी वाटतं असं कळवलं. उत्तर आलं नाही. पाटी चाळीस वर्षं तीच राहिली आणि आता मडक्यांसकट गोदामात गेली.

‘आफ्रिकन’ म्हणजे काय? उद्या कुणी पैठणीवर ‘आशियाई कापड’ अशी पाटी लावली तर आपल्याला चालेल का? आणि ‘आदिम’? मालीमध्ये बांदियागाराच्या पठारावर उंजुगू इथे सापडलेली खापरं इसवी सनापूर्वी ९४०० च्याही आधीची आहेत. साडेअकरा हजार वर्षांची ही परंपरा आहे, जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. इतकी वर्षं चाललेल्या विद्येला आदिम म्हणायचं नसतं. तिला मुरलेली म्हणायचं. नायजेरियातल्या इले-इफेमध्ये योरुबा लोकांनी मध्ययुगात खापऱ्या उभ्या रोवून अंगणं आणि वाटा फरसबंद केल्या. फुटलेल्या मडक्याचीही ज्यांनी एवढी कदर केली, त्यांचं अख्खं मडकं आपण गोदामात ठेवलं आहे.

कारागीर अज्ञात, हे तर मला सगळ्यांत जास्त लागतं. अज्ञात कारागीर नसते, विचारणाऱ्याने विचारलेलं नसतं. ज्यांनी विचारलं त्यांना नावं मिळाली. ओके-ओदानच्या अबातान या योरुबा कुंभारणीचं नाव आज अभ्यासक घेतात. एरिंले या देवतेसाठी ती झाकणाची भांडी घडवायची. त्यात नदीतले गोटे आणि पाणी ठेवून पूजा होते. आणि लादी क्वाली! जिथे आम्ही राहिलो त्याच मुलखातली, क्वाली गावची ग्बारी बाई. मावशीकडून घडण शिकली. मायकेल कार्ड्यू या ब्रिटिश कुंभाराने तिची मडकी अबुजाच्या अमीरांच्या वाड्यात पाहिली. कार्ड्यू यांनी अबुजात काढलेल्या कुंभारकामाच्या केंद्रात ती १९५४ मध्ये दाखल झाली, तिथली पहिली स्त्री. तिथे चाक होतं, भट्टी होती, झिलई होती. तिने तेही आत्मसात केलं, पण मोठी मडकी घडवायची ती आपल्याच रीतीने, त्यांच्याभोवती फिरत. १९७७ मध्ये झारियाच्या अहमदू बेलो विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला ती मडकं घडवताना दिसते. एका देशाने कुंभारणीला नोटेवर बसवलं आहे. आपल्याकडे तिच्या बहिणींसाठी एक काचपेटी निघत नाही.

दुसरी तक्रार त्या ‘झिलई नसलेली’ या शब्दांबद्दल. हे वाक्य कुणी लिहिलं मला माहीत नाही, पण त्यांनी उन्हाळ्यात माठातलं पाणी नक्कीच प्यायलं असेल. मडक्याला झिलई दिली की पाणी झिरपत नाही, आणि झिरपलं नाही की गार होत नाही. मातीत जुन्या खापराचा चुरा मिसळतात, म्हणून मडकं आगीवर तडकत नाही. बूड गोल असतं, कारण ते तीन दगडांच्या चुलीवर बसतं आणि आच सगळीकडून सारखी लागते. चिनी मातीच्या भांड्यात कौशल्य आहे, ते दालनात जरूर ठेवा, मीही रांगेत उभी राहून पाहीन. पण झिलई नाही हा त्या मडक्याचा दोष मोजायचा तर आपल्या घरातला प्रत्येक माठ, रांजण आणि नवरात्रातला घटही दोषीच ठरेल.

आणि ‘वापराची’ म्हटल्याने ती वस्तू लहान कशी होते? घानातल्या अकान लोकांत ‘अबुसुआ कुरुवा’ म्हणजे कुळाचं भांडं असतं. माणूस गेला की रक्ताचे नातलग डोकी भादरतात, ते केस त्या भांड्यात जातात आणि भांडं ठेवलं जातं ‘मडक्यांच्या जागी’. राजघराण्यातल्या मृतांची मातीची मुखंही तिथे असत आणि ती बायका घडवत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडिलांच्या अंत्यसंस्काराची आठवण आली. खांद्यावरचं मडकं, त्याला पाडलेली भोकं, सांडणारं पाणी, मग ते फुटल्याचा आवाज. आपण मडकं फोडून निरोप देतो, ते मडकं जपून निरोप देतात. हे समजावून सांगायला आपल्या संग्रहालयापेक्षा चांगली जागा कुठली होती?

तिसरी तक्रार सगळ्यांत गंभीर. ती नोक मूर्तीबद्दल आहे.

नोक हे मध्य नायजेरियातल्या एका खेड्याचं नाव. तिथे १९२८ मध्ये कथलाच्या खाणीत अशा मूर्ती पहिल्यांदा हाती लागल्या. १९४३ मध्ये जेमा इथलं असंच एक डोकं बर्नार्ड फॅग या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञापर्यंत पोहोचलं, ते शेतात बुजगावण्यावर लावलेलं होतं. त्रिकोणी डोळे, भोक पाडलेली बुबुळं, डोक्यावर गुंतागुंतीची केशरचना. ताकदीचं काम आहे, यात वादच नाही. म्हणूनच त्याची लूट झाली. विशेषतः १९९० च्या दशकात रानोमाळ खड्डे खणून मूर्ती उपसल्या गेल्या. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २००० मध्ये आफ्रिकेतल्या धोक्यात आलेल्या वस्तूंची लाल यादी काढली, त्यात नोक मृण्मूर्ती आहेत, मालीतल्या नायजर खोऱ्यातल्या मृण्मूर्तीही आहेत. नायजेरियाच्या परवान्याशिवाय अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. तो कायदा १९५३ पासून आहे.

आपल्याला मिळालेल्या मूर्तीचा परवाना आहे का? मी कार्यालयात विचारलं. उत्तर मिळालं की प्रयोगशाळेचा दाखला आहे. मी शास्त्राच्या शिक्षकाची मुलगी आहे, म्हणून सांगते. तो दाखला थर्मोल्युमिनेसन्स चाचणीचा असतो. माती शेवटची कधी भाजली गेली एवढंच त्यातून कळतं. ती कुणी खणली, कुणाच्या शेतातून, कुणाला विकली, सीमा कशी ओलांडली, यातलं काहीही त्यातून कळत नाही. शिवाय जुने तुकडे जोडून नवी मूर्ती बनवायचे उद्योगही झालेले आहेत. नमुना जुन्या तुकड्यातून घेतला की चाचणी जुनंच वय सांगणार.

मोठमोठे यात अडकले आहेत. फ्रान्सने १९९० च्या दशकाच्या शेवटी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयासाठी नोक आणि (वायव्य नायजेरियातल्या) सोकोतोच्या तीन मृण्मूर्ती विकत घेतल्या. ओरड झाली, आणि शेवटी २००२ मध्ये मालकी नायजेरियाची असल्याचं मान्य करून त्या २५ वर्षांच्या बोलीवर उसन्या ठेवून घ्याव्या लागल्या. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांना वाढदिवसाला भेट मिळालेला मातीचा मेंढा १९९८ मध्ये मालीला परत गेला. आपण आता त्याच वाटेने का जायचं?

हा प्रश्न भारतीय माणसाने तर विचारलाच पाहिजे. तमिळनाडूतल्या देवळातून चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनातून २०१४ मध्ये परत आला, तेव्हा आपण सगळे आनंदलो. २०२४ मध्ये साताऱ्यात वाघनखं आली. तीन वर्षांच्या बोलीवर, लंडनहून, उसनी. मीही पाहायला गेले होते. काचेजवळ एक आजोबा हात जोडून उभे होते, आणि त्यांच्या नातवाने विचारलं, ‘ही परत द्यायची?’ आजोबांनी उत्तर दिलं नाही. तसाच एखादा नातू नोक गावातही असेल. त्याला आपलं संग्रहालय काय सांगणार आहे?

मातीच्या मूर्तीचं मोल तिच्या जागेत असतं. ती कोणत्या थरात होती, शेजारी राख होती की हाडं, लोखंडाचा मळ होता की धान्य, हे खणणाऱ्याने मोडलं की मागे उरतं ते फक्त देखणं डोकं. आमच्या मडक्यांची जागा आम्हाला माहीत आहे, तारीख माहीत आहे, विकणारीचं नाव वडिलांच्या वहीत आहे. ते नाव मी अर्जाबरोबर आपल्याला दिलं होतं. तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते या जाहीर पत्रात छापणं मला योग्य वाटत नाही. पण आपल्या कार्यालयात ते आहे. तरीही परतीच्या पत्रात लिहिलेलं आहे, ‘कारागीर अज्ञात’.

माझं मागणं आता सरळ सांगते.

नोक मूर्तीचं उद्घाटन थांबवा. तिची मालकी आणि निर्यातीची कागदपत्रं जाहीर करा. कागद नसतील तर मूर्तीचे फोटो आणि मापं नायजेरियाच्या राष्ट्रीय संग्रहालय व स्मारक आयोगाला पाठवा आणि ते सांगतील तसं वागा. परत मागितली तर परत द्या. देणगीदारांवर माझा आरोप नाही, त्यांनी सद्‌भावनेने घेतली असेल. पण सद्‌भावना म्हणजे परवाना नव्हे.

गोदामातली तिन्ही मडकी वर आणा, आणि ती मृत्तिका दालनातच ठेवा, जिन्याखाली नको. पाटीवरून ‘आदिम’ शब्द काढा. देश, गाव, लोक, वापर, घडण, जे जे शोधता येईल ते लिहा. जे कळत नाही तिथे ‘नोंद केली गेली नाही’ असं लिहा, कारण खरं तेच आहे.

दालनात चाकाविना मडकं कसं होतं ते दाखवा. शक्य झालं तर सुलेजाहून किंवा क्वालीहून एखाद्या कुंभारणीला सन्मानाने बोलवा, तिचं मानधन ठरवून, आणि तेव्हा आपल्याकडच्या कुंभारवाड्यांतल्या बायकांनाही बोलवा. दोघी एकमेकींच्या मातीला हात लावतील तेव्हा मला तिथे मागे कुठेतरी उभं राहायचं आहे.

आमची मडकी घ्या असा माझा हट्ट नाही. पण वर लिहिलेलं झालं तर ती आजही आपलीच आहेत, आणि तेव्हा तरी पाटीवर त्या बाईचं नाव यावं, तिच्या घरच्यांच्या संमतीने. त्यासाठी लागेल तो पत्रव्यवहार मी करेन. वडिलांची वही, पावती आणि १९८१ चा एक फोटो माझ्याकडे आहे. फोटोत ती म्हातारी मडक्याशेजारी वाकलेली आहे आणि तिच्या मागे जमिनीवर ते रिंगण स्पष्ट दिसतं.

मंडळाच्या पुढच्या बैठकीआधी मला पंधरा मिनिटं द्यावीत. मी एक मडकं सोबत आणेन. आपल्यापैकी प्रत्येकाने ते हातात घ्यावं आणि पेराने वाजवून पाहावं.

आपली,
एका कुंभार मास्तरांची मुलगी
जि. सातारा